मदतनीसाला किती शिकवावे?

आरोग्य विम्याचा अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्याला वेगळे प्रशिक्षण कशाला, लिहिता-वाचता आले की पुरे, असे आपल्या काही हितचिंतकांनी मला विचारले आहे. अमेरिकेतील आदिवासींचे उदाहरण पाहिले, तर याचे उत्तर सहज मिळते.

तेथे २०१० साली आरोग्य विम्याचा नवा कायदा झाला आणि ऑक्टोबर २०१३ पासून लोकांना सरकारी संकेतस्थळावरून विमा निवडता येऊ लागला. पण योजना अनेक. प्रत्येकीचा हप्ता वेगळा, उपचाराच्या वेळी खिशातून भरायची रक्कम वेगळी आणि सरकारी सवलत उत्पन्नानुसार. म्हणून कायद्यानेच ‘नॅव्हिगेटर’, म्हणजे वाट दाखवणारे मदतनीस, ठेवले. त्यांनी विमा कंपनीकडून मोबदला घ्यायचा नाही आणि कोणत्याही कंपनीची बाजू न घेता माहिती द्यायची. सुरुवातीला केंद्र सरकारने त्यांना सुमारे २० तासांचे प्रशिक्षण ठरवून दिले. कुटुंबाची खासगी माहिती कशी जपावी, हेही त्यात होते.

काही राज्यांनी यावर आपल्या अटी घातल्या. टेक्सासने २०१४ मध्ये आणखी २० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. मिसुरीने राज्याचा परवाना मागितला, शिवाय एखाद्या योजनेतील लाभांविषयी सल्ला देण्यासही मनाई केली. मदतनीसाने योजनेबद्दल बोलायचेच नाही, तर मदत कसली करायची? जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय न्यायालयाने त्या कायद्याला स्थगिती दिली.

मग प्रशिक्षण नकोच का? तसे नाही. त्या देशातील मान्यताप्राप्त आदिवासी जमातींच्या सदस्यांना या कायद्यात खास सवलती आहेत. इतरांना ठरावीक मुदतीतच नाव नोंदवता येते, त्यांना वर्षभरात कोणत्याही महिन्यात. उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल, तर त्यांना अशी योजना मिळू शकते, जिच्यात उपचाराच्या वेळी खिशातून काहीच भरावे लागत नाही. विमा घेतला तरी आदिवासींसाठीची सरकारी आरोग्यसेवा बंद होत नाही.

आता समजा, घरात पत्नी जमातीची सदस्य आहे आणि पती नाही. दोघांची नावे एकाच योजनेत घातली, तर पत्नीची ही खास सवलत हातची जाऊ शकते. वेगवेगळ्या योजना घेतल्या, तर ती टिकते. ही गोष्ट नुसत्या अक्षरओळखीने कळत नाही, कोणीतरी शिकवावीच लागते. ती न कळल्याचा भुर्दंड मदतनीसाला बसत नाही, त्या कुटुंबाला दवाखान्याच्या खिडकीपाशी बसतो.

यातून मला एवढेच सांगायचे आहे की तासांची संख्या हे प्रशिक्षणाचे खरे माप नव्हे. समोरच्या कुटुंबाचे हक्क मदतनीसाला नेमके ठाऊक आहेत का, हे पाहावे.

आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात. पण रुग्णालयापर्यंत पोहोचण्याआधी, पाड्यावर, पहिला प्रश्न आपल्याच कार्यकर्त्याला विचारला जातो. त्याला योजनेची नीट माहिती हवी. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगण्याची सवय हवी. आणि कोणाचेही कागद हाती घेतले, तर त्यातील मजकूर चारचौघांत जाऊ नये. आपण प्रशिक्षणावर खर्च करतो तो यासाठी.