पैसे कंपनीचे, मत कुणाचं?

लिनक्सवरचा ग्नोम डेस्कटॉप आपल्याला फुकट मिळतो. तो सांभाळणारी ना-नफा संस्था, ग्नोम फाउंडेशन, २००० साली सुरू झाली. रेड हॅटसारख्या कंपन्या तिच्या सल्लागार मंडळावर बसल्या आहेत. त्यासाठी कंपन्या दरवर्षी फी भरतात.

मग मालक त्याच का? नाही! हे मंडळ फक्त सल्ला देतं. निर्णय घेतं संचालक मंडळ, आणि ते निवडून देतात काम करणारे सदस्य. संचालकांत एकाच कंपनीची माणसं ४० टक्क्यांहून जास्त चालत नाहीत. सदस्य व्हायला कोडच लिहायला हवा असं नाही. मराठी भाषांतर करणाऱ्यालाही मत मिळू शकतं.

अर्थात, फी आटली तर पगार, परिषदा अडतात. म्हणून देणगीदार जितके जास्त, तितकं हे मत मोकळं!