ट्रॅक्टरवाल्याची बाँड कार

जेम्स बाँडची ती चंदेरी कार आठवतेय ना? 1964 साली ‘गोल्डफिंगर’ आला आणि ॲस्टन मार्टिन डीबी5 जगभर फेमस झाली. पण यातला ‘डीबी’ कोण? डेव्हिड ब्राऊन. गिअर आणि ट्रॅक्टर बनवणारा इंग्लंडचा कारखानदार. 1947 साली या पठ्ठ्यानं 20,500 पौंडांत अख्खी ॲस्टन मार्टिन कंपनी विकत घेतली.

ग्रँड टूररचा फंडा सिंपल. लांबचा पल्ला गाठायचा, तोही वेगात आणि ऐटीत. 1963 ते 1965 या काळात न्यूपोर्ट पॅग्नेल गावात डीबी5 बनायची. बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कारागिरांनी हातानं आकार दिलेले ॲल्युमिनियमचे पत्रे. बॉनेटखाली चार लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, 282 हॉर्सपॉवर!

मला मात्र तिच्या स्पीडपेक्षा तिचा हिशेब जास्त चटका लावतो. एवढं नाव झालं, तरी डीबी5 बनल्या जेमतेम हजारभर. कंपनीला पैशांची चणचण कायमचीच. 1972 मध्ये ब्राऊननं ती विकली. 1974 च्या अखेरीस कारखान्याला टाळंच लागलं. पुढच्या वर्षी नवे मालक आले, म्हणून नाव टिकलं.

2020 साली त्याच गावात ‘गोल्डफिंगर’ स्टाइलच्या 25 डीबी5 नव्यानं बनवायला घेतल्या. एकेकीवर सुमारे 4,500 तासांचं काम, किंमत 27.5 लाख पौंड, टॅक्स वेगळा. आणि ही गाडी रस्त्यावर चालवायला परवानगीच नाही! ज्या कसबावर कधी कारखाना चालेना, त्याला आज असा भाव मिळतोय. तोही नुसतं बघत बसायच्या गाडीसाठी.