कागदावरचे किलोमीटर, रस्त्यावरचे लिटर

मोटार घ्यावयास निघालेला मध्यमवर्गीय गृहस्थ रंग, आसने, डिकी हे सारे न्याहाळून झाल्यावर विक्रेत्याला हमखास एक प्रश्न विचारतो : 'ॲव्हरेज किती?' त्याला मिळणारा अधिकृत आकडा खोटा नसतो. पण तो त्याच्या रस्त्यावरचाही नसतो. या दोहोंतील अंतराकडे वाहनधारकांची नित्याची तक्रार म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो घरखर्चाचा आणि देशाच्या आयातखर्चाचा प्रश्न आहे.

हा आकडा कसा सिद्ध होतो ते प्रथम पाहू. भारतात मोटारींची चाचणी घेणाऱ्या संस्थांत पुण्याची, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही एक प्रमुख संस्था होय. चाचणीत मोटारीची चाके रोलरवर फिरतात. मोटार जागची हलत नाही. चालक ठरवून दिलेल्या आलेखाबरहुकूम वेग वाढवितो, कमी करतो, थांबतो. सायलेन्सरमधून बाहेर पडणारे वायू गोळा करून त्यांतील कार्बनवरून किती इंधन जळाले याचा हिशेब होतो. आपल्याकडील जाहिरातींतले आकडे वर्षानुवर्षे ज्या चाचणीतून आले, ती जेमतेम वीस मिनिटांची. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, आणि वातानुकूलन बंद. तीत ना घाट असतो, ना खड्डे, ना मागच्या आसनावरील तीन माणसे, ना वैशाखातले ऊन.

याचा अर्थ चाचणी निरुपयोगी आहे असा नव्हे. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिल्यावाचून गुणानुक्रम लावता येत नाही, हे शिक्षकांना सांगावयास नको. परंतु तीच प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे राहिली तर विद्यार्थी विषयाऐवजी प्रश्नपत्रिकेचाच अभ्यास करू लागतात. युरोपात नेमके हेच घडले. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेच्या पाहणीनुसार, तेथील नव्या मोटारींचा प्रत्यक्ष इंधनखर्च २००१ साली अधिकृत आकड्याहून सुमारे ९ टक्के अधिक होता. २०१५ साली ही तफावत सुमारे ४२ टक्क्यांवर गेली. मोटारी रस्त्यावर जितक्या सुधारल्या, त्याहून अधिक त्या परीक्षेत सुधारल्या!

ही तफावत अटळ मात्र नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८५ च्या मॉडेलांपासून प्रयोगशाळेतील आकड्यांत शहरासाठी १० टक्के आणि महामार्गासाठी २२ टक्के कपात करूनच ते ग्राहकांपुढे ठेवले. पुढे २००८ च्या मॉडेलांपासून वातानुकूलन, थंडी आणि अधिक वेग यांचाही विचार त्यात आला. युरोपनेही २०१७ पासून अधिक कठोर चाचणी लागू केली आणि २०२१ पासून नव्या मोटारींत जळालेल्या इंधनाची नोंद ठेवणारे मापक बसविणे बंधनकारक केले. या नोंदींवर आधारलेल्या युरोपीय आयोगाच्या २०२४ च्या अहवालात पेट्रोल व डिझेल मोटारींतील तफावत सुमारे २० टक्के आढळली. विजेवर चार्ज होणाऱ्या हायब्रिड मोटारींचा प्रत्यक्ष खर्च मात्र अधिकृत आकड्याच्या साडेतीनपट निघाला!

आता आपल्या घरचे गणित मांडू. लिटरमागे २० किलोमीटर असे गृहीत धरलेली मोटार १५ च देऊ लागली, तर वर्षाकाठी १२,००० किलोमीटरांस ६०० ऐवजी ८०० लिटर लागतात. लिटरचा भाव सोयीसाठी १०० रुपये धरला तरी वर्षाला २०,००० रुपयांचा खड्डा पडतो. मोटारीचा मासिक हप्ता ठरविताना हा खड्डा कोणी धरलेला नसतो. शिवाय 'लिटरमागे किलोमीटर' हे मापच फसवे आहे. तेवढ्याच अंतराला १० ची मोटार १२ वर आली तर २०० लिटर वाचतात. २० ची २४ वर आली तर १०० च. दिसावयास मोठी वाटणारी सुधारणा खिशाला लहान ठरते. 'शंभर किलोमीटरांस किती लिटर' या मापात ही फसगत होत नाही.

राष्ट्राचा हिशेबही याच आकड्यांवर उभा आहे. प्रत्येक उत्पादकाच्या मोटारींच्या सरासरी इंधनखर्चावर मर्यादा घालणारे नियम भारतात २०१७ पासून लागू झाले आणि २०२२ पासून ते अधिक कडक झाले. पण त्यांचे पालन झाले की नाही हे ठरते प्रयोगशाळेतील मोजमापावरून. आपल्या कच्च्या तेलाच्या पाच भागांपैकी चारांहून अधिक आयात होतात. कागद आणि रस्ता यांत अंतर राहिले, तर नियम पाळला जातो आणि तेलाची जहाजे मात्र येतच राहतात.

चालकाच्या सवयी, टायरमधील हवा, वाहतुकीची कोंडी यांवर खर्च अवलंबून असतो, हा उत्पादकांचा युक्तिवाद खरा आहे. तथापि हजारो मोटारींच्या सरासरीत व्यक्तिगत सवयी विरून जातात. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी मोटारीतील मापकाच्या नोंदी, मालकाचे नाव वगळून, गोळा कराव्यात आणि प्रत्येक मॉडेलची प्रत्यक्ष सरासरी अधिकृत आकड्याशेजारी छापण्याची सक्ती शासनाने करावी. औषधाच्या बाटलीवर घटक आणि शिध्याच्या पिशवीवर वजन छापण्याची सक्ती जो समाज करू शकतो, त्याला कर्ज काढून घेतलेल्या वस्तूचा खरा खर्च विचारण्याचा संकोच का वाटावा?