आईबापांचा मान : लेखांक ७
बंडखोर पोराचा खटला

थोरल्या मुलाच्या दुप्पट वाट्याची गोष्ट आज सांगायची होती. ती आता पुढच्या आठवड्यात. मागच्या लेखांकात ‘कब्बेद’ (‘मान दे’) या हिब्रू शब्दाच्या मुळाशी असलेला ‘जडपणा’ उलगडला, तो आवडल्याचे कळवणाऱ्या एका वाचकाने जाता जाता टाचणी टोचली आहे. बायबलातल्या ‘अनुवाद’ पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात आईबापांचे न ऐकणाऱ्या मुलाला दगडमार करायला सांगितले आहे. हाच का तो मान?

प्रश्न बिनतोड आहे. शिवाय हा कायदा थोरल्याच्या वाट्याच्या नियमाला अगदी लागूनच येतो, त्यामुळे त्याला वळसा घालून जाणे लबाडीचे ठरेल.

मुलगा हट्टी, खादाड, दारुडा. शिक्षा करूनही सुधारत नाही. मग आईबापांनी त्याला धरून गावच्या वेशीत वडीलमंडळींपुढे न्यायचे, आपली तक्रार मांडायची आणि गावातल्या पुरुषांनी त्याला दगडमार करायचा. वेस म्हणजे नुसते येण्याजाण्याचे दार नव्हे. न्यायनिवाडे तिथेच होत, व्यवहारही तिथेच ठरत. इस्रायलच्या उत्तरेला तेल दान येथे प्राचीन वेशीलगतचे दगडी बाक उत्खननात सापडले आहे. आपल्याकडची चावडी डोळ्यांपुढे आणावी.

कायदा भयंकर आहे, यात शंका नाही. पण त्यात बापाचा हातही बांधलेला आहे, हे सहसा नजरेतून सुटते. रोमन कायद्यात कुटुंबप्रमुखाला मुलाच्या जिवावर अधिकार होता. इथे मात्र बापाला घरातल्या घरात काही उरकता येत नाही. त्याला चावडी गाठावी लागते, आणि तीही बायकोला सोबत घेऊन. आई आली नाही तर खटलाच उभा राहत नाही. प्राचीन बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या संहितेतले १९५वे कलम बापाला मारणाऱ्या मुलाचा हात तोडायला सांगते. आईचा त्यात उल्लेख नाही. बायबलाच्या ‘निर्गम’ पुस्तकात तशाच गुन्ह्याला शिक्षा त्याहून कडक, थेट मरणाची, पण तिथे आई बापाच्या बरोबरीने उभी आहे.

पुढे यहुदी धर्मपंडितांनी या कायद्याचे जे केले, ते वाचताना एखाद्या कसलेल्या बचावाच्या वकिलाची आठवण होते. इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात अटींची रांगच लागते. मुलाने बापाचे चोरलेले असले पाहिजे, पण खाल्लेले मात्र दुसऱ्याच्या जागेत. मांस आणि द्राक्षारस दोन्ही हवेत, आणि तेही ठरावीक मापाने. द्राक्षारस अर्धा ‘लोग’, तोही इटलीचा! इतर काहीही कितीही हादडले तरी चालेल. मुलीला हा कायदा लागूच नाही. मुलगाही कोवळ्या वयाचा नको आणि पुरता प्रौढ झालेला नको. मिश्नावर पुढे झालेल्या चर्चांचा ग्रंथ म्हणजे तालमूद; त्यातल्या एका मतानुसार मधली मुदत जेमतेम तीन महिन्यांची.

खरी मौज आईबापांच्या पात्रतेत आहे. त्यांनी मुलाला ‘धरायचे’ आहे, म्हणून कोणी थोटे नको. ‘बाहेर न्यायचे’, म्हणून लंगडे नको. ‘सांगायचे’, म्हणून मुके नको. ‘हा आमचा मुलगा’ म्हणायचे, म्हणून आंधळे नको. तो ‘आमचा शब्द’ ऐकत नाही, अशी तक्रार करायची, म्हणून बहिरेही नको. मूळ वचनातल्या एकेका शब्दाला अशी एकेक खुंटी ठोकली आहे. त्यावर तालमूदमध्ये रब्बी यहूदांनी कडी केली : आई आणि बाप आवाजाने, रूपाने आणि उंचीने सारखे असले पाहिजेत. असे जोडपे कुठल्या गावात शोधावे?

तालमूदनेही त्याच पानावर कबुली देऊन टाकली आहे की, असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही; अभ्यास करावा आणि त्याचे पुण्य घ्यावे, एवढ्यासाठीच हा कायदा लिहिलेला आहे. वाचकाला उत्तर मिळाले, म्हणून इथे लेखणी खाली ठेवायला हरकत नव्हती. पण त्याच पानावर रब्बी योनाथान नावाचे एक गृहस्थ उठून सांगतात की, त्यांनी असा मुलगा स्वतः पाहिला होता आणि ते त्याच्या कबरीवर बसलेही होते.