शंकरपट आणि पटाच्या बैलाचे कल्याण

धानाची मळणी उरकली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत शंकरपटांचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, दिवस येतात. दिवसा पट, रात्री नाटक. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले चिखला हे मँगनीज खाणीचे गाव याच पट्ट्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ आहे. पटाची जोडी एकाच गावात पळत नाही. इनामासाठी ती वाहनातून गावोगाव, प्रसंगी राज्याची हद्द ओलांडूनही नेली जाते. त्यामुळे तिच्या कल्याणाचा मागोवा घेताना धावपट्टीइतकाच प्रवासही पाहावा लागतो.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. मारहाण, अतिश्रम आणि यातनादायक वाहतूक त्याने गुन्हा ठरवली; पण पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला 10 ते 50 रुपये. इनामी पटात जोडी उतरवणाऱ्याला त्याची कसली जरब? 1978 च्या नियमांनी प्रवासाआधी पशुवैद्यकाचा दाखला सक्तीचा केला आणि एका मालमोटारीत सहापेक्षा जास्त गुरे भरण्यास मनाई केली.

खरा बदल 11 जुलै 2011 रोजी झाला. खेळ वा प्रदर्शनासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत केंद्राने बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात शर्यती बेकायदा ठरवल्या. तुतारी (अणकुचीदार काठी) टोचणे, शेपटी पिरगळणे अशा प्रकारांवर वर्षानुवर्षे तक्रारी होत होत्या. निकालाचा युक्तिवाद मात्र त्याहून खोल होता. घोड्यासारखी धावण्याची शरीररचना बैलाला नाही, भीती आणि वेदनाच त्याला पळवते, असे न्यायालयाने म्हटले. या मुद्द्याला आजवर समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

2017 मध्ये तमिळनाडूपाठोपाठ महाराष्ट्राने शर्यतींना वाट देण्यासाठी 1960 च्या कायद्यात दुरुस्ती केली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी परवानग्या रोखल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मुभा दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकीय तपासणी आणि जास्तीत जास्त 1000 मीटर अंतर या अटी आहेत. काठी, चाबूक, विजेचा धक्का वर्ज्य आहे. भंग केल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पन्नास रुपयांच्या तुलनेत ही मोठीच मजल आहे.

मात्र हा कडकपणा पटाच्या दिवसापुरता आहे. शर्यतीबाहेर प्राण्याचे काय होते, हा प्रश्न इतरत्रही आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रेहाउंड शर्यतींच्या संघटनेने 2013 मध्ये मकावला शर्यतीचे कुत्रे पाठवण्याची पारपत्रे देणे थांबवले. तिथे गेलेल्या कुत्र्यांच्या कल्याणाची चिंता त्यामागे होती. महाराष्ट्रात 2015 पासून बैलांची कत्तल आणि त्यासाठी त्यांना राज्याबाहेर नेणे, दोन्ही बंद आहे. पण पटातून निवृत्त झालेल्या बैलाला कोणी, किती वर्षे सांभाळायचे, याबद्दल शर्यतीच्या अटी काहीच सांगत नाहीत.