आम्रधारिणी

मी यवतमाळ जिल्ह्यात शिक्षक होतो, त्या वेळची गोष्ट. परिसरातील झाडांची शास्त्रीय नावे लिहून आणण्यास मी वर्गाला सांगितले होते. एक विद्यार्थी वही पुढे करून रडवेल्या स्वरात म्हणाला, "गुरुजी, अर्थच कळत नाही, मग ही नावे पाठ कशी व्हावीत?" त्याची तक्रार खरी होती. अर्थावाचून केलेले पाठांतर टिकत नाही. म्हणून आम्ही त्या नावांचा अर्थ शोधावयास बसलो.

मुलांनो, ही नावे प्राचीन रोमन लोकांच्या लॅटिन भाषेच्या रीतीने घडविलेली असतात. आपल्या रानातल्या सागाला केरळात 'तेक्क' म्हणतात, तर इंग्रजीत 'टीक'. परंतु 'टेक्टोना ग्रँडिस' म्हटले, की जगातील कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञाला नेमके तेच झाड कळते. १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने आपल्या ग्रंथात वनस्पतींना अशी दोन शब्दांची नावे दिली. त्यांतील पहिला शब्द नाम असतो व दुसरा बहुधा विशेषण. 'ग्रँडिस' म्हणजे भव्य. इंग्रजीतील 'ग्रँड' मुळात त्यातूनच आला.

आता आंबा घ्या. त्याचे नाव 'मँगिफेरा इंडिका'. 'मँगि' हा अंश दक्षिण भारतातील 'मांगा' म्हणजे आंबा या शब्दापासून आला. 'फेरा' म्हणजे धारण करणारी आणि 'इंडिका' म्हणजे भारतीय. मराठीत सांगावयाचे, तर 'भारतीय आम्रधारिणी'! किती गोड नाव हे! यातील 'फेरा' ज्या धातूपासून झाला, त्याचेच रूप 'फेर्त', म्हणजे 'वाहून नेतो'. संस्कृतात त्याच अर्थी 'भरति' आहे. आपल्या शेतांत पडणाऱ्या खताला इंग्रजीत 'फर्टिलायझर' म्हणतात. तो शब्दही याच लॅटिन धातूचा वंशज आहे.

लॅटिन विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. 'नवा' या अर्थी लॅटिनमध्ये 'नोवुस, नोवा, नोवुम' अशी तीन रूपे होतात. संस्कृतात 'नवः, नवा, नवम्' आणि मराठीत 'नवा, नवी, नवे'. चिंचेचे नाव मात्र फसवे आहे. 'टॅमरिंडस' हा शब्द पुल्लिंगी दिसतो; पण लॅटिनमध्ये वृक्षांची नावे सामान्यतः स्त्रीलिंगी मानतात, म्हणून 'टॅमरिंडस इंडिका'. शिवाय 'टॅमरिंडस' हा अरबी 'तमर-हिंदी', म्हणजे 'भारतीय खजूर', यावरून आलेला शब्द. म्हणजे चिंचेच्या नावात भारत दोनदा आला!

हे साम्य योगायोगाचे असेल काय? एखादा शब्द योगायोगाने जुळेल. परंतु 'भरति–फेर्त', 'भ्रातृ–फ्रातेर' असा 'भ' आणि 'फ' यांचा मेळ पुन्हा पुन्हा दिसला, तर त्यामागे नियम असला पाहिजे. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी प्रतिपादन केले, की संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात. पुढील अभ्यासकांनी हे नाते नियमांनिशी सिद्ध केले.

तो विद्यार्थी वही मिटून म्हणाला, "गुरुजी, ही तर आपल्या नात्यातलीच निघाली!" त्या दिवसानंतर त्याला नावे पाठ करावी लागली नाहीत, ती त्याच्या ध्यानात राहिली. परक्या वाटणाऱ्या शब्दाला भिऊ नये. त्याचे कूळ विचारावे.

अभ्यास

१. 'आर्बोर' म्हणजे वृक्ष. देशी कापसाच्या 'गॉसिपियम आर्बोरियम' या नावातील विशेषणाचा अर्थ सांगा व त्याचे लिंग ओळखा.
२. सेप्तेम, ओक्तो, नोवेम, देकेम या लॅटिन संख्यांशी जुळणाऱ्या संस्कृत संख्या लिहा.
३. प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई. यावरून 'डिसेंबर' या नावाचा उलगडा करा.