विश्लेषण : समाजशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी संदर्भ शोधायचे कुठे?

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी लघुप्रबंधाचा विषय ठरला, की बहुतेक विद्यार्थी तो जसाच्या तसा गुगलवर टाकतात. समोर येतात बातम्या आणि डॉलरमध्ये पैसे मागणारे शोधनिबंध. ‘आमच्या विषयावर काही मिळतच नाही’ ही तक्रार इथूनच सुरू होते. प्रत्यक्षात बरेच साहित्य मोफत आहे आणि मोबाइलवर वाचता येते. ऊसतोड मजुरांच्या स्थलांतराचा विषय घेऊन ते कसे शोधायचे, ते पाहू.

सुरुवात शोधगंगेपासून का?

गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध खुले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या नियमावलीत प्रबंधाची डिजिटल प्रत देणे बंधनकारक केले, त्याचे हे फळ. मराठीत लिहिलेले प्रबंधही इथे आहेत. प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ सहसा वेगळी असते, त्यामुळे सगळा प्रबंध उतरवून डेटा संपवण्याची गरज नाही. आधी शेवटची संदर्भसूची उघडा, मग पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे प्रकरण. कुणीतरी दोन-तीन वर्षे घालवून केलेली यादी आयती हाती येते.

मात्र शोधगंगेवर असलेला प्रत्येक प्रबंध चांगला असतोच असे नाही. त्यातला उतारा उचलला तर वाङ्मयचौर्य तपासणारे सॉफ्टवेअर तो पकडू शकते. न उचलता नुसता संदर्भ दिला, तरी मूळ लेख स्वतः पाहायलाच हवा. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भाबाबत तर हे दुप्पट लागू. लेखकाचे नाव खरे आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही, असे तिथे सर्रास घडते.

शब्द बदलल्याने काय फरक पडतो?

‘ऊसतोड कामगार’, ‘ऊसतोडणी मजूर’, ‘ऊस तोडणी’ (दोन शब्दांत) या प्रत्येकाला वेगळे निकाल येतात. इंग्रजीत ‘शुगरकेन कटर्स’, ‘हार्वेस्टर्स’, ‘सीझनल मायग्रेशन’ हेही टाकून पाहावे लागते. शोधात ‘महाराष्ट्र’ हा शब्द घातला, तर उलट महत्त्वाचे काही निसटू शकते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांचे १९७८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आलेले लेखन गुजरातमधल्या बारडोलीच्या साखर कारखान्यांवर आहे. पण तिथे ऊस तोडायला जाणारे मजूर खानदेशातले होते. धुळे-नंदुरबारच्या विद्यार्थ्याला हा लेख ‘गुजरात’ असे शोधल्याशिवाय कदाचित दिसणारच नाही.

असा एक चांगला लेख सापडला, की तो गुगल स्कॉलरवर टाका. त्याखालच्या ‘साइटेड बाय’वर टिचकी मारली, की त्याचा आधार घेऊन पुढे कुणी काय लिहिले ते दिसते. शेजारच्या ‘ऑल व्हर्जन्स’मध्ये अनेकदा त्याच लेखाची मोफत प्रत सापडते.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सर्वांसाठी आहे का?

नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या या योजनेसाठी तीन वर्षांकरिता ६ हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके तिच्यात येतात. पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांपुरती आहे. महाराष्ट्रातली बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांची. म्हणजे सरकारी विद्यापीठाच्या विभागात शिकणाऱ्याला जे मिळते, ते तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलीला मिळेलच असे नाही.

तिच्यासाठी ‘एन-लिस्ट’ हा पर्याय आहे. महाविद्यालय सदस्य असेल, तर विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन मिळते आणि घरूनही ई-पुस्तके, नियतकालिके वाचता येतात. अनेक ठिकाणी वर्गणी भरलेली असते, पण लॉगिन कुणी मागितलेलेच नसते. ग्रंथपालांना थेट विचारा. याशिवाय ‘जेस्टोर’वर मोफत खाते उघडून दरमहा १०० लेख ऑनलाइन वाचता येतात.

आकडेवारी कुठली वापरायची?

२०११च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांमध्ये गावनिहाय लोकसंख्या आणि सोयीसुविधा मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (२०१९-२१) जिल्हावार तथ्यपत्रिका छोट्या आणि वापरायला सोप्या आहेत. फक्त पाहणी कोणत्या महिन्यांत झाली ते तपासा. गळीत हंगामात झाली असेल, तर तुमची कुटुंबे तेव्हा कारखान्याच्या तळावर होती आणि गावातल्या घराला कुलूप होते.

मराठीत काही आहे का?

आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध राज्य सरकारने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने बरीच जुनी पुस्तके स्कॅन करून खुली केली आहेत. ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर मजुरांच्या कहाण्या मराठीतही आहेत. ते संशोधन नव्हे, वार्तांकन आहे. पण प्रश्नावली तयार करण्यापूर्वी जरूर वाचावे.

स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकात शब्द शोधता येईलच असे नाही. अनुक्रमणिका वाचण्याला पर्याय नाही.

मग ग्रंथालयात कशाला जायचे?

कारण कारखान्याचे वार्षिक अहवाल, रौप्यमहोत्सवी स्मरणिका आणि स्थानिक साप्ताहिकांचे अंक बहुधा नेटवर सापडत नाहीत. ते जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात, कधी कारखान्याच्या कार्यालयातल्या कपाटात असतात. जाताना विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र न्या. त्याने दारे लवकर उघडतात. मोबाइलवर पाने टिपण्याची परवानगी मिळाली, तर पहिला फोटो मुखपृष्ठाचा काढा, दुसरा प्रकाशक आणि वर्ष असलेल्या पानाचा. ते राहिले, तर बाकीच्या चाळीस फोटोंचा संदर्भ द्यायला पुन्हा एसटी पकडावी लागते.